दिवाळी अंकाच्या साइटला वॅफ लावायचाय: मॉडसिक्युरिटी, क्लाउडफ्लेअर की एडब्ल्यूएस?

पेठेतला_एकटा

नमस्कार मंडळी. साइटला वॅफ लावायचाय, म्हणजे वेब ॲप्लिकेशन फायरवॉल: येणारी प्रत्येक विनंती तपासून हल्ल्यासारखी दिसली तर अडवणारा पहारेकरी. पुण्यातल्या एका जुन्या प्रकाशन संस्थेत मी संगणकाचं सगळं बघतो. सगळं म्हणजे वेबसाइट, टॅली, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद आणि मालकांच्या, म्हणजे काकांच्या फोनवर न उघडणारी पीडीएफ. सिक्युरिटीवाला नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमची साइट मुंबईतल्या एका व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर आहे. दोन कोअर, चार जीबी रॅम, उबंटू, एनजिनेक्स वेब सर्व्हर, पीएचपी, मायएसक्यूएल डेटाबेस. पुस्तकविक्री लॅराव्हेल या पीएचपीच्या तयार चौकटीवर आहे, ती बरी आहे. पण "पुस्तक शोधा" आणि जुनं ॲडमिन हे २०१४ सालच्या साध्या पीएचपीत आहे. ते ज्यानं लिहिलं तो आता फोन उचलत नाही. पैसे गेटवेच्या पानावर जाऊन भरले जातात, कार्ड नंबर आमच्याकडे येत नाही. तिसरा भाग म्हणजे दिवाळी अंकासाठी साहित्य पाठवायचा फॉर्म. लेखक मंडळी आख्खी कथा वर्डमधून उचलतात आणि त्या चौकटीत चिकटवतात. १५ ऑगस्ट ही शेवटची तारीख, आणि निम्मं साहित्य शेवटच्या तीन दिवसांत येतं.

गेल्या रविवारी दुपारी साइट तीन तास बंद पडली. मायएसक्यूएल १०० टक्क्यांवर. लॉग उघडला तर शोधाच्या चौकटीत एका मागोमाग एक "युनियन सिलेक्ट", "स्लीप(५)", अवतरणचिन्हांच्या माळा, म्हणजे डेटाबेसला भलत्या आज्ञा द्यायचे प्रयत्न. डेटा गेला असं दिसत नाही, पण खात्रीनं सांगता येत नाही.

काकांचं म्हणणं, "पुस्तकं लोक विकत घेत नाहीत, चोरायला कोण येणार?" तरी महिना तीन हजारांपर्यंत मंजूर झालेत. समोर पर्याय असे: मॉडसिक्युरिटी हा मुक्त वॅफ आपल्या सर्व्हरवर आपलं आपण बसवायचं, क्लाउडफ्लेअर ही साइटच्या पुढे बाहेरच उभी राहणारी सेवा फुकट किंवा प्रो, किंवा ॲमेझॉनच्या क्लाउडचा एडब्ल्यूएस वॅफ. शिवाय एक विक्रेता येऊन गेला. त्यानं साडेचार लाखांचा डबा, म्हणजे वॅफचं तयार यंत्र, आणि वर वार्षिक देखभाल असं कोटेशन दिलंय. चहाबरोबर तक्ताही दाखवला, त्यात त्याच्या डब्यापुढे सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा आणि बाकीच्यांपुढे फुल्या.

वैशिष्ट्यांचे तक्ते मीही भरपूर वाचले. त्यावरून काही ठरत नाहीये. तुम्ही कशावरून ठरवलंत?

लॉगवाचक

पेठकर, तुमच्या प्रश्नात एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय: लेखक आख्खी कथा चौकटीत चिकटवतात. मराठीत. निवड तिथूनच सुरू करा.

मी सहा वर्षं एका सहकारी बँकेत मॉडसिक्युरिटी चालवलं. त्याबरोबर ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेचा कोअर रूल सेट, म्हणजे सीआरएस हा नियमांचा तयार संच वापरतात. त्याला "पॅरानोया लेव्हल" असते, म्हणजे नियम किती कडक, १ ते ४. मी नवा होतो, जास्त आकडा म्हणजे जास्त सुरक्षा असं वाटून थेट ३ वर ठेवली. सोमवारी सकाळी साडेदहाला शाखांचे फोन सुरू झाले: "तक्रार नोंदवा" फॉर्म चालत नाही. गंमत अशी की इंग्रजीत लिहिलं की चालायचा. दुपारी लॉगमध्ये सापडलं, नियम क्रमांक ९२०२७२. हा लेव्हल ३ चा नियम, आणि तो म्हणतो की साध्या छापील आस्की चिन्हांबाहेरचं, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं सोडून काहीही आलं तर संशयास्पद. म्हणजे देवनागरीतला "क" सुद्धा गुन्हेगार! ९४२४६० हा तिथलाच दुसरा. लागोपाठ चार "शब्दबाह्य" चिन्हं दिसली की तो ओरडतो, आणि त्याच्या लेखी आपलं एकेक अक्षर म्हणजे तीन शब्दबाह्य बाइट.

लेव्हल १ वर हा त्रास नाही. तुम्ही १ वरच राहा, कुणी काहीही म्हणो.

आता दुसरी गोष्ट, जी मला कुठल्याच तक्त्यात दिसली नाही. साधा फॉर्म पाठवला की ब्राउझर देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ बाइटचं करतो. यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटचं टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं. "एसटी" हा शब्द घ्या: ए, स, ट आणि दीर्घ वेलांटी, चार चिन्हं, ३६ बाइट. मराठी शब्दाला सरासरी पाच चिन्हं धरली तर शब्दामागे ४५ बाइट, वर मोकळ्या जागेचा एक.

एडब्ल्यूएस वॅफच्या तयार कॉमन रूल सेटमध्ये एक नियम आहे, ८ केबीपेक्षा मोठी बॉडी, म्हणजे विनंतीबरोबर आलेला मजकूर, आली की अडवा. ८१९२ भागिले ४६, म्हणजे पावणेदोनशे शब्द. तुमच्याकडे फार तर चारोळ्या पोचतील.

मॉडसिक्युरिटीच्या शिफारशीच्या कॉन्फिगमध्ये फाइल सोडून बाकी बॉडीची मर्यादा १,३१,०७२ बाइट आहे. म्हणजे साधारण २८५० शब्द. हे जास्त वाईट, कारण तुम्ही "नमुना मजकूर" टाकून चाचणी कराल, ती पास होईल, आणि तीन हजार शब्दांची कथा लिहिणारा लेखक १४ ऑगस्टच्या रात्री अडकेल.

उपाय सोपा आहे. फॉर्मचा एन्कटाइप, म्हणजे मजकूर बांधून पाठवायची पद्धत, मल्टिपार्ट करा, मग नऊचे तीन बाइट होतात. तीच कथा ४८ हजार बाइटमध्ये बसते. मॉडसिक्युरिटीत प्रश्न सुटला. एडब्ल्यूएसमध्ये त्या पानापुरता तो नियम "फक्त मोजा" वर टाकावा लागेल, कारण ८ केबी तरीही ओलांडलेच.

नाईटशिफ्ट_ठाणे

लॉगवाचक दादांचं बरोबर आहे, पण एकट्या माणसाला मॉडसिक्युरिटी सुचवू नका हो. मी छोट्या दुकानदारांच्या चाळीसेक साइट सांभाळतो. सगळ्या क्लाउडफ्लेअरमागे. तुमच्या चार जीबीच्या मशीनवर मायएसक्यूएल आधीच धापा टाकतंय, त्यात दर विनंतीला शेकडो रेजेक्स, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणारी सूत्रं, कशाला चालवायचे? घाण तुमच्या मशीनपर्यंत पोचण्याआधीच बाहेर थांबली पाहिजे.

फुकटच्या प्लॅनमध्ये मोजके तयार नियम, पाच तुमचे स्वतःचे नियम आणि एक रेट लिमिट, म्हणजे एका आयपीकडून ठरावीक वेळात किती विनंत्या याची मर्यादा, मिळतो. ओवॅस्पचा संच हवा तर प्रो घ्यावा लागतो: महिन्याचे २५ डॉलर, वर्षाचे एकदम भरले तर महिना २० पडतात. तुमच्या तीन हजारांत बसतं. मी तुमच्या जागी असतो तर पहिला नियम जुन्या ॲडमिनवर लावला असता: ऑफिसचा आयपी सोडून सगळ्यांना बंद. दुसरा शोधाच्या पानावर, भारताबाहेरून आलेल्याला आधी चॅलेंज, म्हणजे माणूस आहे की बॉट याची तपासणी. अमेरिकेतले वाचक एक सेकंद थांबतील, हरकत नाही.

रेट लिमिट मात्र जपून. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर एका पब्लिक आयपीमागे अख्खी वाडी बसलेली असते. दहा सेकंदांत दहा विनंत्या असा नियम मी एका मिठाईवाल्याला लावला आणि ऐन भाऊबीजेच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकंच बाहेर ठेवली. तो अजून मला त्यावरून टोमणे मारतो.

आणि एक गोष्ट, जी दहातले आठ जण करत नाहीत: मूळ सर्व्हरचं दार बंद करा. क्लाउडफ्लेअर पुढे आहे, पण तुमचा व्हीपीएस ४४३ पोर्टवर साऱ्या जगाला उत्तर देतोय, तर हल्लेखोर सरळ आयपीवर जातो. जुना आयपी जुन्या डीएनएस नोंदींत सापडतो, मेल त्याच मशीनवरून जात असेल तर पत्राच्या हेडरमध्ये सापडतो. म्हणून फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ फक्त क्लाउडफ्लेअरच्या जाहीर आयपी यादीला उघडा ठेवा, आणि जमलं तर होस्टिंगवाल्याकडून आयपीच बदलून घ्या. मगच लॉगमध्ये खरा आयपी दिसण्यासाठी एनजिनेक्सचं रिअल आयपी मॉड्यूल लावा. नाहीतर सगळे हल्ले "क्लाउडफ्लेअरकडून" आलेले दिसतील आणि तुम्ही घाबरून त्यांनाच ब्लॉक कराल. हसू नका, हे मी केलेलं आहे.

शिवाय मॉडसिक्युरिटी आता संपल्यात जमा ना?

लॉगवाचक

संपलं नाही, हात बदलले. तो सांभाळणाऱ्या ट्रस्टवेव्ह कंपनीनं १ जुलै २०२४ ला आपला पाठिंबा थांबवला, पण त्याआधीच जानेवारीत प्रकल्प ओवॅस्पकडे गेला होता. एनजिनेक्सवाल्यांचं पैसे देऊन मिळणारं मॉड्यूल मार्च २०२४ मध्ये बंद झालं, त्या दोन बातम्यांची लोक सरमिसळ करतात. सीआरएस तर जोरात आहे, चौथी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ ची. डिस्ट्रोच्या पॅकेजमध्ये बहुधा तिसरी मिळते, ती घेऊ नका. गो भाषेतला कोराझा हाही ओवॅस्पचाच आहे आणि तेच नियम वाचतो. नव्यानं उभारत असाल तर कॅडी या वेब सर्व्हरबरोबर तो बघा. पेठकरांना एनजिनेक्स सोडायला मी सांगणार नाही.

आणि बाहेरचा वॅफ म्हणजे निवांत झोप, असंही नाही. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरनंच वॅफचा एक नवा नियम एकदम साऱ्या जगभर लावला. त्यातल्या एका रेजेक्सनं सीपीयू खाऊन टाकला आणि २७ मिनिटं त्यांच्यामागच्या साइट पडल्या. तो नियम अडवतही नव्हता, नुसती नोंद घेण्याच्या मोडमध्ये होता. "फक्त नोंद" म्हणजे फुकट, हा गैरसमज मी त्या दिवशी सोडला.

जुनाट_डीबीए

तुम्ही सगळे कुलपांच्या कंपन्यांवर बोलताय. पेठकर, त्या सर्चच्या फाइलमध्ये क्वेरी कशी लिहिली आहे ते बघितलंत का?

मी पैज लावतो: वापरकर्त्याचा शब्द सरळ क्वेरीतल्या "लाइक" या शोध-आज्ञेत जोडलाय, आणि पुढे-मागे दोन्हीकडे टक्क्याचं चिन्ह. असं असेल तर दोन वेगळे आजार आहेत. पहिला इंजेक्शन, म्हणजे शोधाच्या शब्दातून क्वेरीत आज्ञा घुसवणं. तो प्रिपेअर्ड स्टेटमेंटनं, म्हणजे शब्द क्वेरीपासून वेगळा पाठवल्यानं जातो, अर्ध्या तासाचं काम. दुसरा असा की, पुढे टक्का असला की साधा इंडेक्स वापरताच येत नाही, दर शोधाला अख्खं टेबल वाचावं लागतं. तुमची साइट रविवारी हल्ल्यानं पडली असं तुम्हाला वाटतंय. एखाद्या आगाऊ बॉटनं नुसतं "कादंबरी" शब्दानं दर सेकंदाला वीस वेळा शोधलं असतं तरी पडली असती. त्याला कुठला वॅफ काय म्हणणार? विनंती तर शुद्ध आहे. स्लो क्वेरी लॉग चालू करा, फुलटेक्स्ट इंडेक्स लावा.

वॅफ चुकवता येतो, याला पुरावा हवा असेल तर डिसेंबर २०२२ मध्ये क्लॅरोटी या सुरक्षा कंपनीच्या टीम८२ या संशोधक गटानं दाखवलंय. एसक्यूएलमध्ये जेसन या डेटा लिहायच्या पद्धतीची वाक्यरचना घुसवली आणि पालो अल्टो, एडब्ल्यूएस, क्लाउडफ्लेअर, एफ५, इम्पर्व्हा, पाचही जणांचे वॅफ ते ओळखू शकले नाहीत. डेटाबेसला जेसन कधीपासून कळत होतं, वॅफना कळत नव्हतं. नंतर त्यांनी दुरुस्त केलं. पण फाइलमधलं भोक तसंच असेल तर पुढच्या युक्तीपर्यंतच तुम्ही सुरक्षित.

साडेचार लाखांच्या डब्याबद्दल मी बोलतच नाही, रक्तदाब आहे.

ऑडिटवाली

डब्याबद्दल मी बोलते. असले डबे मी मोठ्या ठिकाणी बघितलेत, आणि त्यातले निम्मे "शिकण्याच्या" मोडमध्येच असतात, म्हणजे नुसतं बघतात, अडवत नाहीत. बसवून तीन वर्षं झाली तरी. कारण ब्लॉक चालू करायची सही कुणीच करत नाही. त्यामुळे मी कुठेही गेले की पहिला प्रश्न हाच विचारते: अलर्ट रोज सकाळी कोण उघडतं, त्याचं नाव सांगा. नाव आलं नाही तर पुढचा अहवाल मी गाडीतच लिहू शकते.

विक्रेत्यानं "पीसीआयला वॅफ सक्तीचा" असं सांगितलं असेल. अर्धसत्य आहे. पीसीआय डीएसएस ४ या कार्ड-सुरक्षेच्या नियमावलीतली ६.४.२ ही अट ३१ मार्च २०२५ नंतर लागू झाली, हल्ले ओळखून थांबवणारी स्वयंचलित व्यवस्था पुढे हवी असं ती म्हणते. त्यात डबाच हवा असं कुठे नाही, आणि कार्ड नंबर तुमच्या सर्व्हरला शिवतच नसेल तर तुमच्यावरचा बोजा मुळात खूप कमी होतो. कुठला अर्ज भरायचा ते गेटवेवाल्यांना लेखी विचारा, विक्रेत्याला नको.

जे तुम्हाला लागू आहे ते त्यानं सांगितलं नसेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश: घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. उबंटूवर एनजिनेक्सचे लॉग न सांगता १४ दिवसांत पुसले जातात. आज रात्री लॉगरोटेट या जुने लॉग पुसणाऱ्या प्रोग्रामची फाइल उघडा आणि तो आकडा बदला. रविवारचे लॉग आधी बाजूला काढून ठेवा.

आणि एडब्ल्यूएसवर गेलातच कधी, तर कॅपिटल वन या अमेरिकी बँकेचं २०१९ चं प्रकरण आठवा. तिथे वॅफ होता. नीट कॉन्फिगर केलेला नव्हता, आणि त्याच्या मशीनला गरजेपेक्षा जास्त परवानग्या होत्या. त्याच्याच तोंडून आतल्या किल्ल्या बाहेर आल्या. अमेरिका-कॅनडा मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली. पहारेकऱ्याच्या हातात तिजोरीची चावी कशाला?

पेठेतला_एकटा

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगतो, आणि एक प्रश्न उरलाय.

डीबीए काका, पैज जिंकलात. दोन्ही बाजूंना टक्के, आणि वर एक शेरा: "नंतर सुधारणे". २०१४ चा. सुधारला. फुलटेक्स्ट इंडेक्स लावल्यावर शोध इतका पटकन येतो की काउंटरवरच्या ताईंना वाटलं काहीतरी बिघडलंय.

लॉगरोटेट त्याच रात्री बदलला. रविवारचे लॉग पेन ड्राइव्हवर कपाटात आहेत आणि सर्ट-इनला मेल केला, सहा तासांत नाही, पण केला.

एडब्ल्यूएस मी हिशेबावरच सोडलं. त्यांची आकारणी तशी कमी आहे, वेब एसीएलचे, म्हणजे नियमांच्या यादीचे महिना ५ डॉलर, दर नियमाला १, दहा लाख विनंत्यांना ६० सेंट. पण आमचा सर्व्हर तिकडे नाही, म्हणजे पुढे त्यांचीच क्लाउडफ्रंट ही सेवा उभी करा, ते शिका, आणि कथेसाठी पहिल्याच दिवशी अपवाद लिहा. क्लाउडफ्लेअरचं फुकटचं घेतलं, प्रो नाही. ॲडमिन बंद, मूळ सर्व्हरचं दार बंद, आयपी बदलला. वाचलेल्या तीन हजारांवर काकांनी लगेच हक्क सांगितला.

आणि हो, आत मॉडसिक्युरिटी पण बसवलं. नाईटशिफ्ट भाऊ, रागावू नका. ते फक्त साहित्याच्या फॉर्मला आणि जुन्या पीएचपीला लावलंय, अख्ख्या साइटला नाही, त्यामुळे मशीन तक्रार करत नाही. लेव्हल १, फक्त नोंद. रोज सकाळी चहाबरोबर लॉग मी उघडतो. ऑडिटवाल्या ताई, नाव लिहून घ्या.

फॉर्म मल्टिपार्ट केला आणि मागच्या वर्षीच्या चाळीस कथा एकेक करून पाठवून बघितल्या. चाळीसच्या चाळीस आकारात बसल्या, पण एकतीसवर ९४१ नं सुरू होणारे नियम ओरडले. ते एक्सएसएसचे, म्हणजे पानात परकी स्क्रिप्ट घुसवणं पकडायचे नियम. चक्रावलोच. ग्रामीण कथा, त्यात स्क्रिप्ट कुठून आली? मग कच्ची विनंती उघडून बघितली. वर्डमधून चिकटवलं की आमचा एडिटर मजकुराबरोबर वर्डचे टॅग आणि स्टाइल पण घेऊन येतो. "म्हातारीनं चूल पेटवली" या चार-पाच सेंटिमीटरच्या ओळीभोवती फॉन्टचं नाव, रंग, समास असा दोन ओळींचा कचरा. आणि एक गंभीर नियम लागला की पाच गुण, अडवायची मर्यादाही पाचच. म्हणजे ब्लॉक चालू असता तर त्या एकतीस लेखकांना कोरं पांढरं पान दिसलं असतं. नऊ कथा सुटल्या त्या नोटपॅडमधून आलेल्या. त्यातल्या चार एकाच, ऐंशी वर्षांच्या लेखकाच्या.

प्रश्न असा. ९४१ चे नियम काढून टाकू का? आणि ब्लॉक १५ ऑगस्टच्या आधी चालू करू की नंतर?

लॉगवाचक

नियम काढू नका. त्या एका पत्त्यावर, त्या एका "मजकूर" फील्डपुरते वगळा. नाव, ईमेल, फोन ही फील्डं नियमाखालीच राहू द्या. त्याबरोबर चिकटवताना टॅग गाळून साधा मजकूरच घ्यायला एडिटरला सांगा, आणि सर्व्हरवर पुन्हा गाळा, कारण ते साहित्य उद्या तुमचे संपादक ॲडमिनमध्ये उघडणार आहेत. वगळलेल्या फील्डमधून खरी स्क्रिप्ट आली तर ती तिथे चालेल.

आणि १५ ऑगस्टच्या आधी कशालाही हात लावू नका.

जुनाट_डीबीए

त्या ऐंशी वर्षांच्या लेखकांना माझा नमस्कार कळवा.

पेठेतला_एकटा

कळवला. फोनवर म्हणाले, "नोटपॅड नाही हो, मी मोबाइलवरच टाइप करतो."

ब्लॉक १८ ऑगस्टला, सकाळी अकराला. तोपर्यंत ऑफिसात काकांशिवाय कुणी आलेलं नसतं.